कुंपणापलीकडची मावशी

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर एक आई शाळकरी मुलीला घेऊन बसली होती आणि त्यांच्या शेजारी डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक बाई. तिनं त्या आईला विचारलं,

“डोक्यात नायटा झालाय का हो हिच्या?”

“हो ना. बरा झाला आणि पुन्हा उलटला.”

“गोळ्या देता ना? नुसत्या मलमानं जात नाही तो.”

“देते. कंगवे, उशीचे अभ्रे, सगळं उकळलं. डॉक्टर म्हणतात, ही कुणाचा तरी कंगवा वापरतेय. पण घरात आम्ही दोघीच.”

“मलम कानामागे जरा हळू लावा. तिथं तिला गुदगुल्या होतात.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“आई, मी ह्या मावशींना ओळखते! शाळेच्या कुंपणातून रोज माझी वेणी घालतात.”

“कोण हो तुम्ही?”

“ओरडू नका, घाबरेल ती. कंगवा माझ्या छकुलीचा आहे. ती गेल्यापासून तसाच पडून होता.”

“माझ्या मुलीपासून लांब व्हा आधी!”

“होते. पण एकदा बघा तरी. छकुली!”

मुलीनं लगेच वळून ओ दिली.