चादर घातलेला दगड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय महेश्वरअण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आमच्या विज्ञानशिक्षिका शिवलीला बिराजदार मॅडम, शिक्षक बंधुभगिनींनो, आणि उपम्याच्या वासाकडे तोंड करून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मॅडमचे सगळे गुण आधीच्या सहा वक्त्यांनी संपवले. माझ्या वाट्याला एक दगड उरला आहे.

अकरा वर्षांपूर्वी वळसंगच्या प्रभुलिंगने शेतात उल्का पडली म्हणून एक काळा दगड शाळेला दिला. आपण काय केलं? याच हॉलमध्ये, अण्णांच्या अध्यक्षतेखाली सत्कार! एक चादर प्रभुलिंगला, एक दगडाला. सोलापुरात चादरीवाचून कोण सुटलंय? प्रभुलिंग माईकवर म्हणाला, "लई गरम हुता की! हात भाजला माजा."

मॅडम तिसऱ्या रांगेतून उठल्या. "हात भाजला? मग तो आभाळातला नव्हे, दादा."

आणि भर सत्कारात तास सुरू झाला. उल्का प्रचंड वेगानं हवेत शिरते, पुढची हवा दाबली जाऊन तापते, दगडाची वरची कातडी वितळून उडते आणि उष्णताही सोबत नेते. बहुतेकींची वरच राख होते. एखादा तुकडा उरलाच, तर वेग गमावून साध्या दगडासारखा पडतो, हाताला बहुधा गारच लागतो. "आणि याला तर बुडबुड्यांची भोकं आहेत. हा लोखंड वितळवताना निघालेला भट्टीतला मळ आहे."

पुढच्या महिन्यात मॅडम मुख्याध्यापिका व्हायच्या होत्या. झाल्या नाहीत. बार्शीच्या शाखेत बदली झाली. इथं परत येईपर्यंत सहा वर्षं रोज एस.टी. एका शब्दाची तक्रार नाही, आणि एक शब्द मागेही घेतला नाही.

परवा निमंत्रण द्यायला वळसंगला गेलो, तर प्रभुलिंग म्हणाला, "गुरुजी, त्यो रस्त्याकडंला गावला हुता. तुमी चादर घातल्यावर न्हाय कसं म्हनू?"

हे अण्णांच्या कानावर घातलं. अण्णांनी दगड ठेवलेल्या काचेच्या कपाटाची किल्ली मागवली. आज तिथली नवी चिठ्ठी त्यांच्या अक्षरात आहे: 'भट्टीतला मळ. ओळखला शिवलीला बिराजदार यांनी.' अण्णा, हे सोपं नव्हतं.

मी म्हटलं, दगड फेकून देऊ. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या की. फक्त काचेतनं काढा. पोरांच्या हातात द्या, भोकं बघू द्या."

दगडाला ती चादर मीच घातली होती. घालताना भोकं मलाही दिसली होती.

मॅडम, आपले आभार. सभाजनहो, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या दिवशी बोललो नाही, तेवढं मात्र घालू नका.