तेरा अणूंचा शेजारी

विषय : वरच्या मजल्यावरून आमच्या घरात उतरणारा वास. संदर्भ : माझे नाक, आमच्या हिचे नाक आणि आमचे अर्ज... हसू नका! तुम्हाला सांगतो, जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला रागसुद्धा विषय-संदर्भ टाकल्याशिवाय येत नाही. आणि राग कुणाचा? माणसाचा असता तर शोभलं असतं. ट्रायमिथाइल अमाइनचा! नाव ऐकून वाटतं, केवढं बडं प्रस्थ असेल. वाचनालयातून रसायनशास्त्राचं पुस्तक आणलं, उघडून बघतो तर काय, एक नायट्रोजन, तीन कार्बन, नऊ हायड्रोजन. तेरा अणू हो! सगळे मिळून तेरा! साखरेच्या एका रेणूत पंचेचाळीस असतात, तरी ती बिचारी डब्यात गप्प बसते!

आमच्या डोक्यावर एका व्यापाऱ्याने गोदाम थाटलंय. पिंपात पाणी, पाण्यात हे विरघळलेलं. मी वर गेलो तर म्हणतो, "काका, कोंबड्यांच्या खाद्यात जे घालतात ना, ते यापासून बनतं. फार उपयोगी!"

"मग कोंबड्यांच्या डोक्यावर ठेव की!"

"काका, बूच घट्ट आहे."

घट्ट! जो पदार्थ तीन अंशांवर उकळतो, म्हणजे बर्फाच्या जेमतेम शेजारी, तो तुझ्या बुचाला भीक घालणार? फट दिसली की झालाच वायू. बरं, वायू झालास, तर वर जा, आकाश मोकळं आहे... छे! हवेच्या दुप्पट जड. रुसलेल्या जावयासारखा एकेक पायरी उतरतो आणि आमच्या स्वयंपाकघरात ठाण मांडतो. आणि वास? कुजक्या मासळीचा! हिने कपाटं हुंगली, मोरी हुंगली, शेवटी माझ्या चपला हुंगल्या आणि म्हणाली, "अहो, खरं सांगा, काय लपवलंय?" इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यावर पहिला संशय, तोही मासळीचा! पुस्तकात लिहिलंय, आम्लाशी गाठ पडली की याचा निमूट क्षार होतो, वास बंद. म्हणून व्हिनेगरने जमीन पुसली. पुसलेला वास मेला, वरून ताजा उतरला. मग हिने बॅग भरली. "बहिणीकडे जाते. वास गेला की कळवा." झालं! आता फोन केला की आधी साडू उचलतो. "काय साडूभाऊ, बाजार उठला का?" कुणामुळे ऐकून घ्यायचं हे? तेरा अणू! सगळे मिळून तेरा!

मी अर्ज केला. मुद्देसूद. 'मासळीसारखा वास येतो' असं लिहिलं आणि तिथेच फसलो. अर्ज गेला मासळी तपासणाऱ्या विभागात! निरीक्षक आले.

"मासा कुठाय?"

"साहेब, मासा नाही. मासा नसताना मासळीचा वास येणं, हाच या पदार्थाचा गुण."

"गुण राहू द्या. मासा दाखवा."

फ्रिज उघडला, पातेल्यांवरची झाकणं उचलली, दुधात डोकावले. शेरा : 'मासा आढळला नाही. तक्रार निराधार.'

दुसरा अर्ज रसायन विभागाला. तिथल्या बाई थेट पिंपाशी गेल्या आणि डोळे पुसत खाली आल्या. "आजोबा, हा तर अमोनियाचा वास. तुम्ही मासळी लिहिलंय."

"बाई, थोडा असला की मासळी, जास्त झाला की अमोनियासारखा. पदार्थ एकच!"

"एका अर्जात एकच वास. अमोनियाला वेगळा अर्ज करा."

बघा तोंडं किती! गरिबाकडे मासळी, सरकारपुढे अमोनिया! असली माणसं मी कचेरीत पाहिली, नाही असं नाही. पण ती निदान अंगापिंडाने भरलेली होती हो. हा तेरा अणूंचा!

तर वेगळा अर्ज. या खेपेला आलेले गृहस्थ फार पद्धतशीर. आधी खुर्चीत बसून माझं नाव, वडिलांचं नाव, वय, पूर्वीचा हुद्दा, सगळं सावकाश उतरवलं. मग पेनाचं टोपण लावलं, नाक वर केलं... "वास कुठाय?"

"अहो, आत येताना नाकाला रुमाल कुणी लावला होता?"

"तेव्हा तपासणी सुरू झाली नव्हती."

नाक सरावतं हो या वासाला! तेवढाच काय तो याचा सज्जनपणा, आणि तोही नेमका गुन्हेगाराच्या बाजूने! बरं, दुसऱ्याला काय हसू? परवा उठलो तर हवा स्वच्छ! तसाच फोन केला, "गेला! ये लवकर!" चहा टाकला, दोन कप मांडले. ही आली, उंबऱ्यावर थबकली, नाक दाबलं. "अहो, वास नाही गेला, तुमचं नाक गेलंय!" आणि त्याच पावली परत. दोन्ही कप मीच प्यायलो. गार.

काल ते पद्धतशीर गृहस्थ पुन्हा आले. "अर्जदाराला वास येतो का?" खोटं कसं बोलू? म्हटलं, "मला येत नाही. पत्नीला येतो."

"मग त्यांचा जबाब घेऊ. बोलवा. जबाब जागेवरच व्हायला हवा."

फोन लावला. ही म्हणाली, "वास गेल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही."

गृहस्थ म्हणाले, "जबाब झाल्याशिवाय पिंप हलणार नाही."

दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये मी. तेव्हा कळविण्यात येते की, पिंप वर आहे, ही साडूकडे आहे, अर्ज प्रलंबित आहे.