पतीचं नाव काय?

न्हाई, हा हार आधी काढा, मानेला टोचून राह्यला, अन् हा माइक जरा लांब करा, मला ऐकू कमी येतं म्हणून तुम्हालाही कमी येतं असं न्हाई. बसून बोललं तर चालंल ना? चालतंय. तर तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस न्हाई. जाफराबादला कुणालाही विचारा, रामराव बैलाला जितकं बोलला त्याच्या निम्मं माणसाला बोलला न्हाई. पण ह्या भावनाताई, माझ्या वकील, त्या तिथं पहिल्या ओळीत बसल्यात, ह्यांनी फोन केला, "बाबा, नव्या वकिलांचं शिबिर आहे, पालकत्वाच्या केसेस कशा चालवायच्या यावर. आपली केस जिंकलेली आहे. फक्त दोन शब्द बोला." म्हणलं, मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, वकिलाला काय शिकवू? तर म्हणल्या, "अनुभव सांगा." बरं. सांगतो. आधी बघा, मंग विचारा. झाले दोन शब्द… चार झाले. येऊ का?

चहा यायचाय म्हणता? मंग ऐका.

मघाशी ते मोठे वकीलसाहेब बोलले, मी मागं बसून ऐकत होतो. "तरुण मित्रांनो, या क्षेत्रात गर्दी कमी आहे. समाजात वृद्धांची संख्या वाढते आहे, विस्मरणाचे आजार वाढताहेत, मुलं परदेशी आहेत. भविष्य उज्ज्वल आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, शेजारचा वाजवत होता म्हणून. मंग ध्यानात आलं, अरे, हा माझ्याच घरच्या दुखण्याबद्दल बोलून राह्यला. आमचं डोकं जितकं जल्दी जाईल तितकं तुमचं भविष्य उज्ज्वल. राग न्हाई माझा, डॉक्टरचंही तसंच असतं. पण टाळ्या वाजवायच्या आधी जरा बघा, पुढं कोण बसलंय.

तर आमची मंडळी, उषाबाई. लेकरू न्हाई आम्हाला. दोघंच. आधी ती भाजीत मीठ टाकायची विसरली, मी काही बोललो न्हाई, मुकाट्यानं खाल्लं. मंग मीठ दोनदा टाकायला लागली, तेही खाल्लं. मंग एक दिवस मी सरकी घ्यायला दुकानात गेल्तो, इकडं ही चप्पल न घालता स्टँडवर, भोकरदनच्या एसटीत बसली अन् कंडक्टरला म्हणली, "केदारखेड्याला सोड, माय वाट बघत असंल." माय जाऊन तिची किती वर्षं झाली. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं तिच्या भावाच्या दारात नेऊन सोडली.

तिचा भाऊ, काकासाहेब. केदारखेड्याला राहतो, बहिणीपेक्षा लहान, तिनंच कडेवर खेळवलेला. तो दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आला माझ्याकडं, माझ्या ओट्यावर बसला अन् म्हणला, "दाजी, राग मानू नका. तुमच्याच्यानं होत न्हाई आता. अक्काला माझ्याकडं ठेवतो. सुना आहेत, त्यातली वंदना सगळं करते, चोवीस तास माणूस हाय घरात."

आता ह्याच्यात वाईट काय होतं, सांगा मला. पण तुमच्याच्यानं होत न्हाई, हे वाक्य मला आजवर कुणी बोललं न्हाई. मी म्हणलं, "काकासाहेब, चहा घे अन् नीघ." त्यानं चहा न घेताच निघणं पसंत केलं. अन् तिथून थेट वकिलाकडं गेला. मंग मीही गेलो. त्याचे राधेश्याम वकील, माझ्या ह्या भावनाताई. ओट्यावर मिटायची गोष्ट, ती गेली खंडपीठात. तुम्हाला सांगतो, तुमच्यापैकी कुणाकडं उद्या असा म्हातारा आला, मिशीला ताव देत, तर त्याला लगेच वकीलपत्रावर सही करायला लावू नका. त्याला आधी विचारा, बाबा, चहा पाजला का समोरच्याला? अन् विचारायच्या आधी त्याच्या तोंडाकडं बघा. आधी बघा, मंग विचारा.

मंग खंडपीठानं काय केलं, तर जालन्याच्या कोर्टाला हुकूम धाडला की बाईला समोर बसवा, दोन गोष्टी बोला, ती कुणाला ओळखते, कुणापाशी तिला बरं वाटतं ते बघा अन् कळवा. म्हणजे सगळा खेळ त्याच्यावर आला. माझ्याकडं बोट दाखवून ती जर म्हणली, हा माझा माणूस, तर ती माझ्या घरी. न्हाई म्हणली, तर केदारखेड्याला. बिलकुल सरळ गोष्ट.

तारखेच्या आधी भावनाताई मला म्हणल्या, "बाबा, मागच्या वेळी तुम्ही राधेश्यामजींना कोर्टात काय बोललात, आठवतंय ना?" आठवत होतं. वाईट बोललो होतो. "या वेळी काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. तुम्ही बोललात की भांडल्यासारखं वाटतं. तुम्ही शांत बसलेले दिसायला हवेत." अन् आणखी म्हणल्या, "घरी थोडी तयारी करून घ्या. आजींना रोज विचारत जा, माझं नाव काय, माझं नाव काय." आता घ्या. पन्नास वर्षं संसार झाल्यावर नवऱ्यानं बायकोपुढं उभं राहून विचारायचं, माझं नाव काय? मी न्हाई विचारलं. शेजारच्या नंदाबाईनं ऐकलं असतं तर म्हणली असती, डोकं हिचं गेलं का ह्याचं.

गेलो कोर्टात. जज मॅडम, तरुण, मायाळू बाई, खोटं कशाला बोलू. त्यांनी उषाबाईला आपल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. इकडं काकासाहेब, इकडं मी, मागं दोघं वकील. मॅडम विचारतात, "आजी, तुमचं नाव काय?" "उषा." "गाव कोणतं?" "केदारखेडा." माहेरचं गाव सांगितलं, पण गाव तर सांगितलं. "हे कोण?" काकासाहेबाकडं बघून. ही हसली, अशी हसली की मी कित्येक महिन्यांत हसताना बघितली न्हवती. "हा आमचा काक्या. शेंबडा."

मंग मॅडम माझ्याकडं वळल्या. "आणि हे कोण?"

उषाबाईनं माझ्याकडं बघितलं. अन् खाली बघितलं. अन् डोक्यावरचा पदर पुढं ओढला, कपाळापर्यंत, अन् तोंड जरासं बाजूला केलं.

"आजी, पतीचं नाव काय तुमच्या? यांचं नाव सांगा."

गप.

"आठवतंय का? थोडं आठवून बघा."

गप. पदर आणखी बोटभर पुढं.

माझ्या ह्या ताईंनी मदत करायला म्हणून पुढं होऊन विचारलं, "आजी, घाबरू नका. रा पासून सुरू होतं. रा…" उषाबाई माझ्या डोळ्यादेखत लाजून लाल झाली, अन् राधेश्याम वकील घसा खाकरून म्हणतात, "मॅडम, नोंद व्हावी. भावाला तत्काळ ओळखलं. पतीचं नाव तीनदा विचारूनही सांगता आलं नाही."

सांगता आलं न्हाई! अहो, ती कशी सांगंल? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. लग्नात घेतलं असंल एकदा, तेही नणंदांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर रेशनच्या दुकानात तो माणूस विचारायचा, "नवऱ्याचं नाव?" तर ही शेजारणीला कोपर मारायची, "तू सांग." एकदा मी जत्रेत हरवलो… म्हणजे ती हरवली, पण तिच्या मते मी. तर दोन तास "अहो, अहो" करत फिरली, जत्रेतल्या सगळ्या नवऱ्यांनी वळून बघितलं, पण नाव घेतलं न्हाई. अन् इथं तर भाऊ बसलेला, परके पुरुष बसलेले, अन् मी समोर. अन् तो पदर… घरी तर तिला पदराचीही शुद्ध राहिली न्हवती, दारात दूधवाला आला तरी डोकं उघडं. त्या खोलीत तिनं पदर घेतला तो एकट्या माझ्यासाठी. ह्याच्याहून मोठी साक्ष कोणती पाहिजे होती? मला दिसली. काकासाहेबालाही दिसली असणार, त्यानं मान खाली घातली. बाकीचे सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, शब्द कवा पडतो म्हणून.

तुम्ही म्हणाल, रामराव, मंग तुम्ही का न्हाई बोललात? कारण ताई म्हणल्या होत्या, तोंड उघडू नका. जन्मात कुणाचं ऐकलं न्हाई मी, बापाचं न्हाई, मास्तरचं न्हाई. एकदाच ऐकलं, अन् ते त्या दिवशी.

बाहेर येऊन टपरीवर चहा घेताना मी म्हणलं, "ताई, ती नाव घेत नसती." ताईंचा कप हातात तसाच. "म्हणजे? म्हणजे त्यांना माहीत होतं?" म्हणलं, होतंच की. "अहो बाबा, मग सांगितलं का नाही?" म्हणलं, "तुम्ही विचारलं कुठं?" त्या शहरातल्या, त्यांच्या घरी नवऱ्याला नावानं हाका मारतात, त्यांची काय चूक. अन् मी असा, विचारल्याबिगर न सांगणारा. आमची दोघांची जोडी बराबर जमली होती.

पण बाई हुशार. रडत बसल्या न्हाईत. अर्ज केला, कागद जोडले, म्हणल्या अशी अशी चाल आहे, पुन्हा एकदा विचारा. दुसरी तारीख मिळाली. तोवर उषाबाई केदारखेड्याला राहील असं ठरलं. मी दर बाजाराला जीपनं तिकडं जायचो. वंदना चहा करायची, काकासाहेब मुद्दाम वावरात निघून जायचा, मी अन् ही ओट्यावर बसायचो. ती काही बोलायची न्हाई, मीही न्हाई. तसं आमचं आधीही असंच होतं. मी पुढं दिसलो की ती पदर सावरायची, तेवढं बघितलं की माझं काम झालं, पुढच्या बाजारापर्यंत पुरायचं ते.

मंग एका खेपेला तिनं पदर घेतला न्हाई. मी म्हणलं, गरम होत असंल. त्याच्या पुढच्या खेपेला बदाबदा पाऊस होता, गारठा होता. तरी न्हाई.

मी कुणाला बोललो न्हाई.

आली तारीख. तीच खोली, तीच खुर्ची. मॅडमनी ह्या वेळी तयारी केली होती, गोड आवाजात म्हणल्या, "आजी, मला कळलं तुमच्यात नाव घेत नाहीत. मग असं करा, नुसतं मला कानात सांगा." उषाबाईनं मॅडमकडं बघितलं, ही काय विचारून राह्यली असं. मंग माझ्याकडं बघितलं. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, तो तसाच. अन् मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं नाव सांगावं तसं म्हणली,

"हे ना? हे रामराव. जाफराबादचे. बाजाराच्या दिवशी येतात."

झालं. भावनाताईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो. राधेश्याम वकील सज्जन माणूस, तोही म्हणला, "आमची आता हरकत नाही." सगळे माझ्याकडं बघून हसून राह्यले, अन् मी काय करू? लग्नानंतर पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं. चांगलं वाटतं ऐकायला, न्हाई म्हणत न्हाई. अन् ऐकलं तेव्हा कळलं की माझी बायको त्या खोलीत न्हाई.

तोंड उघडायला पाहिजे होतं का? तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेले. पहिल्या तारखेला ती मला ओळखत होती, तर मी हरलो. दुसऱ्या तारखेला ओळखत न्हवती, तर जिंकलो. मी गप बसलो. मला ती घरी पाहिजे होती, ओळखो न ओळखो.

बाहेर व्हरांड्यात काकासाहेब आला. तिची पिशवी त्याच्याच हातात. म्हणला, "दाजी, अक्का तर तुमचं नाव…" एवढंच बोलला अन् थांबला. त्यालाच कळलं होतं. बाकी कुणाला न्हाई. पिशवी त्यानं एसटीपर्यंत आणून दिली. मी म्हणलं, "बाजारच्या दिवशी ये. चहा घेऊन जा." येतो आता. दर बाजाराला येतो, अन् ती त्यालाही विचारते, तुम्ही कोणत्या गावचे.

तर हे असं. केस जिंकलेली हाय, खोटं न्हाई. तुम्ही शिका, मोठे व्हा. फक्त पुढं म्हातारी बसली की कागदावरनं नजर काढा, तिचा हात कुठं जातो ते बघा. आधी बघा, मंग विचारा.

चहा राहू द्या, नंदाबाईला घरी बसवून आलोय तिच्यापाशी, जाफराबादची गाडी चुकायची. आता दिवसभर नाव घेत असते माझं, रामराव पाणी द्या, रामराव दार लावा. काल संध्याकाळी मला म्हणली, "रामराव, तुम्ही लई करता माझं. पण तुमची बायको काही दिसत न्हाई घरात?"

म्हणलं, हाय की इथंच… लाजाळू हाय जरा. नाव घेत न्हाई माझं.