माह्याच हातानं वाटलेला कागद

आता धुवारीले काही टाइम असते का नाही, तुमीच सांगा! पौषाचा महिना, तुरीच्या शेंगा भरून आलेल्या, अन् त्या दिवशी सकाळी धुवारी अशी पडली, अशी पडली का आंगनातला कडूलिंब दिसे ना, खुट्याची बकरी फकस्त वरडून सांगे का मी अठी हावो, अन् मानसानं सोताचा हात समोर धरला तं तो दुसऱ्याचा वाटे. दहा वाजेपर्यंत सूर्य कोनाच्या बापाले दिसला नाही. चांगला उजेड असता, मानसाचं तोंड पाहून कागद देल्ला असता, तं हे भेव माह्या मांगं लागलं असतं का? पन धुवारीत तोंड दिसत नाही, हात दिसते. हात दिसला का मी त्यात कागद ठेवत गेलो. दीडशे कागद. अन् वाटले कोनं? म्याच. माह्याच हातानं.

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतं तुमी म्हनसान बुढा धुवारीतच फिरून राह्यला. मी लखीराम. राळेगावापासून अर्ध्या घंट्यावर आमचा तांडा. शाळेचं तोंड पाह्यलं नाही, अंगठ्यावर जिंदगी काढली, अन् मी लेखक हावो. हासू नका... म्हंजे हासा, मीही पयले हासलोच. माह्या पोराची बायको जया, बारावी पास. ते सैपाक करता करता मले म्हने, मामाजी, सांगा एखांदी गोष्ट. मी चुलीपाशी हात शेकत सांगो, ते फोनात भरून घे अन् दुपारच्याले वहीत उतरवे. आमचे जुने लोकं बैलायच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत, त्यायच्या गोष्टी, अस्वलाच्या गोष्टी, बैलायच्या शर्यतीच्या, म्हंजे आमच्या शंकरपटाच्या गोष्टी. दोन सालात वही भरली. मंग तिनं शिलाई मशीनच्या कमाईतून यवतमाळच्या एका छापखान्यात तीनशे पुस्तकं छापून आनली. वर माहा फोटू, पागोटं बांधून. आत काय हाये मले वाचता येत नाही. पन आंब्याचं झाड आपले आंबे खाते का? तसंच हे.

तीनशे पुस्तकं पलंगाखाली गेली अन् तठीच राह्यली. माही बायको लालीबाई मानूस चांगला, पन बोलनं कुऱ्हाडीचं. ते पाहुन्यायले सांगे का यायच्या गोष्टी लय कामाच्या निंगाल्या, आमची कोंबडी आता त्याच्यावरच बसून अंडे देते.

जयाच्या मनाले हे लागलं. तिनं फोनात एक बाई पाह्यली. ते बाई अशी मान वाकडी करून सांगे, "नमस्कार मित्रांनो! पुस्तक तुम्हीच छापलंय ना? मग ते विकायचंही तुम्हालाच आहे! आणि तेही खिशाला अजिबात झळ न लागता!" झळ लागाले खिसा तं पाह्यजे, बाई. पन जयानं समदं वहीत लिहून घेतलं. पयलं काम सांगतलं होतं का लेखकाचा फोटू स्टेटसवर ठेवा. तिनं ठेवला. आता तुमीच सांगा, आपल्या इकडं पागोटंवाल्या बुढ्याचा फोटू, खाली नाव, बाजूनं दोन फुलं, असा कवा ठेवतेत लोकं? दुपारी माहा साळा खेमसिंग नेरवरून रडतच उतरला. मी आंगनात तुरीच्या काड्या फोडून राह्यलतो. तो माह्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला, मंग वर पाह्यलं, अन् मंग लय रागावला. जाताना पुस्तक घेऊन गेला. म्हंजे ते स्टेटस अगदीच वाया गेलं नाही.

दुसरं काम होतं फुकट नमुन्याचं. एक परकरन, म्हंजे पुस्तकातली एक गोष्ट, कागदावर काढाची अन् फुकट वाटाची. हे मात्र मले पटलं. बाजारात पेरूवाला एक फाक कापून देतेच ना? फाक गोड लागली का मानूस किलोभर घेते. मी जयाले इचारलं, कोनती फाक कापली? ते म्हने, सगळ्यात गोड. मी समजलो अस्वलाची. मोहाखाली झिंगून झोपलेल्या अस्वलाची गोष्ट माही लय नावाजलेली हाये, लहान लेकरं तं तिच्यासाठी जेवन सोडतेत.

म्हनून त्या धुवारीत मी राळेगावच्या गाडीतळावर उभा राह्यलो. गोधडी पांघरून, कागदाचा गठ्ठा काखेत. हात आला का रामराम, कागद. न्हाव्याले दोन, चक्कीवाल्याले एक. आमच्या तांड्याचा शाम मारेगावाकडं काळीपिवळी चालवते, त्याले चाळीस देल्ले, म्हनलं शिटाशिटावर ठेव बाप्पा. अन् एक हात आला, त्याच्या बोटाले चुना लागलेला. तो हात मी धुवारीत काय, डोळे बांधून ओळखीन. हिरासिंग. माहा शेजारी. दोघायच्या घरात एकच भित. साठ साल झाले, सकाळी तंबाखू माही अन् चुना त्याचा, असं चालू हाये. एका दिवशी चुना नाही भेटला तं माहा दिवस उजाडत नाही. मी मोठ्या ऐटीत म्हनलं, घे हिऱ्या, माही गोष्ट हाये, कोनाकून वाचून घेजो. त्यानं कागदाची घडी केली अन् बंडीच्या खिशात ठेवली.

अन् देल्ला कोनं? म्याच. माह्याच हातानं.

गठ्ठा संपला, मी खुशीत चक्कीवर गेलो, ज्वारीचं पीठ घ्याचं होतं. तं चक्कीवाल्यानं कागद भितीले चिकटवलेला, अन् समोर पाच-सहा बाया डबे घेऊन उभ्या, अन् तो चक्कीच्या आवाजाच्या वर वरडून वाचून राह्यला. मी म्हनलं, आता अस्वल येईन. अस्वल येईच ना. तो वाचे, "पटाच्या आदल्या सांजेले मी टोपलंभर सरकी भिजवली..."

सगळ्यात गोड फाक म्हनून जयानं सरकीचीच गोष्ट कापली होती. 

आता हे सरकीचं तुमाले सांगाच लागीन. बेचाळीस साल झाले. हिरासिंगाचा एक बैल होता, चांद्या. असा बैल आमच्या तालुक्यात पुन्हा झाला नाही. पटात तो पयला येईन हे पोट्टे-सोट्टेही सांगत. आदल्या सांजेले मी त्याच्यापाशी गेलो. मनात काही वाईट नोतं हो, मायची आन, लाडच होता. मले वाटलं, खाईन तं पळन. माह्या घरी सरकी होती, टोपलंभर भिजवून चारली, वरून गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी चांद्या पटात अर्धा धावला, अन् मंग जसा पंगतीतून उठलेला पाहुना बसते तसा मधातच बसला. उठलाच नाही. लोकं हासले. हिरासिंग रडला. अन् त्याच दिवशी सकाळी त्याचा भाऊ किसनसिंग चांद्याच्या पाठीवर हात फिरवून म्हनला होता, असा बैल दुसरा होनार नाही. झालं. हिरासिंगानं नायकाच्या, म्हंजे तांड्याच्या पाटलाच्या, दारात, साऱ्यायसमोर सांगतलं, भावाची नजर लागली. किसनसिंगानं सामान बांधलं. बायको-लेकरं घेऊन मारेगावाकडं सासऱ्याच्या गावी गेला. तवापासून दोघं भाऊ बोलले नाहीत. त्यायची याडी, म्हंजे माय, वारली तवा एकानं या बाजूनं खांदा देल्ला अन् एकानं त्या बाजूनं, अन् घाटापर्यंत एकानं दुसऱ्याकडं पाह्यलं नाही. मी मांगं चालत होतो. माह्या तोंडात ते टोपलं होतं, बेचाळीस साल, गिळता येईना, थुंकता येईना.

हे मी जयाले एका दिवशी तापात सांगतलं. हिरासिंगाचं नाव नको टाकू, असंही सांगतलं. तिनं नाव बदलवलं... मोतीसिंग केलं! अन् किसनसिंगाचं बिसनसिंग. अन् बैलाचं? बैलाचं चांद्याच ठेवलं! चक्कीवाला वाचता वाचता थांबला अन् म्हने, अरे, चांद्या तं हिरासिंगाचा!

मंग मी पळालो. पळालो म्हंजे, या वयात जसं पळते तसं. जेवढे हात आठवत तेवढ्या हातायमांगं. दादा, तो कागद वापस दे. बाई, तो कागद चुकून देल्ला. न्हावी म्हने, काहून वापस मांगता? काय छापलं असं? अन् ज्यानं कागदात पोहे बांधले होते त्यानं पोहे खिशात वतून कागद वाचाले घेतला. आता मले सांगा, मांगल्याबिगर कोनी वाचत नोतं, अन् वापस मांगला तं साऱ्यायले वाचाचा! हॉटेलात एक वाचे, दहा ऐके. दुपारपर्यंत मानसं तांड्यात इचारत आले, ते सरकीवाल्या बुढ्याचं पुस्तक अठीच भेटते का. पलंगाखालून कोंबडी उठवा लागली. जया फुलून गेली. म्हने, मामाजी, तुमी काय डोकं लावलं! वाटून वापस मांगाचं, हे तं त्या बाईलेही सुचलं नाही.

तिले काय सांगू?  सात कागद वापस भेटले, बाकीचे मुलूखभर. चाळीस तं मारेगावच्या रस्त्याले. अन् एक, भितीच्या पलीकडं, बंडीच्या खिशात. मी भितीले कान लावून बसलो. पलीकडं खोकला झाला का कान मांगं करो, मंग पुन्हा लावो. लालीबाई म्हने, भितीत काय शोधता? मी म्हनलं, चुना.

चार वाजता धुवारीचा मागमूस नोता, असं लख्ख उन पडलं का मुंगीही दिसन, अन् हिरासिंग आंगनात आला. बाजीवर बसला. खिशातून कागद काढला, घडी उलगडली, माह्या मांडीवर ठेवला. तोही माह्यासारखाच अंगठेवाला, तुमाले सांगतलं नाही का? म्हने, सून माहेरी गेली, वाचाले कोनी नाही, गोष्ट तुही हाये तं तूच सांग.

पाहा आता. देवानं एवढी मोठी फट ठेवली होती! कोनतीही गोष्ट सांगतली असती तं चालली असती. मी सुरूही केली. म्हनलं, एक होतं अस्वल, ते मोहाखाली आलं, फुलं खाल्ले, झिंगलं... अन् अस्वल तठीच थांबलं. पुढं जाईच ना. मी त्याले लय ढकललं. हिरासिंग माह्या तोंडाकडं पाहून राह्यला, तंबाखूची वाट पाहाते तसा. उद्या त्याले दुसरं कोनी वाचून दाखवन, अन् मंग तो अस्वलही आठवन अन् सरकीही. मले वाटलं, आता सांगतलं तं शेजार जाते, नाही सांगतलं तरी जाते. मंग निदान आपल्या तोंडानं जाव. मी खाली पाहून सांगतलं. टोपलं, सरकी, गुळाचा खडा, नायकाच्या दारात मी गप बसलो ते, खांद्यामांगं चाललो ते. समदं. कागदातलं अन् कागदात नसलेलंही.

त्यानं माह्या मांडीवरच्या कागदाची पुन्हा घडी केली. मंग चुन्याची डबी काढली, अन् माह्या हातावर चुना ठेवला. म्हनला, "लख्या, पटाच्या दुसऱ्या दिवशी चांद्याचं शेन म्या उचललं. त्यात सरकी होती. माह्या घरी त्या साली सरकीचा दाना नोता. तांड्यात कोनाकडं होती, हे मले माहीत नसन का?"

मी चुना घेऊन तसाच बसलो. बेचाळीस साल भेलो मी... कायले? मंग भावाले काहून तोडलं, एवढंच इचारता आलं.

"सांगून चुकलो होतो साऱ्या तांड्यासमोर, वापस कसं घेऊ? अन् भावाशी अबोला धरला तं सालातून एक डाव अडते. शेजाऱ्याशी धरला तं रोज अडते."

मंग त्यानं इचारलं, कागद मारेगावाकडं गेला का. मी म्हनलं गेला, चाळीस, शामच्या गाडीत. देल्ले कोनं? म्याच. माह्याच हातानं. तसा त्याचा चेहरा उतरला. किसनसिंग सातवी शिकला हाये, तो वाचन. डबीचं झाकन त्याच्यानं लागे ना. जे भेव सकाळपासून माह्या पोटात होतं ते बाजीवरून सरकत सरकत त्याच्याकडं गेलं, म्या डोळ्यानं पाह्यलं. झाकन लावून तो उठला, दोन पावलं गेला, अन् मांगं न पाहाता म्हनला, "उद्या पयल्या गाडीनं मारेगावले जाऊ. एक पुस्तक घेजो संगं, भावाच्या दारी रिकाम्या हातानं कसं जाव? अन् दारात तू पुढं राह्यजो, लख्या. तुहं तं छापून झालं... माहं अजून सांगाचं हाये."