डोंगराचं पीठ

मी मूळचा जेऊरकडचा, आता हितं सोलापुरात, नवी पेठंत कापडदुकानाच्या दारात वॉचमन म्हणून दिवसभर उभा ऱ्हातो, पाय सुजत्यात, पन फौजेत उमर काडलेल्या मानसाला घरी बसूनबी करमत न्हाय बघा.

काय सांगू तुमाला, लिवून घेताय तर घ्या, माझी शेवटची पोस्टिंग लडाखकडं, लई उंचावर, तितं एक तळं हुतं. एका अंगाला डोंगरावरनं बर्फ जिभेवानी खाली उतरलेलं, त्येचंच पानी वढ्यानं तळ्यात, दुसऱ्या अंगाला दगडगोट्यांचा बांध, त्योबी बर्फानंच ढकलून आनलेला. झाड न्हाय, गवत न्हाय, चार पावलं चाललं की दम लागायचा. सकाळी वढा गप, दुपारी ऊन तापलं की धो धो. आन् तळ्याचा रंग, निळा म्हनावा तर हिरवा, हिरवा म्हनावा तर दुधाळ. फोनवर आईला सांगायचो, ती म्हनायची, मला एकदा दाव की रं, डोळं जायच्या आत. मी व्हय व्हय म्हनायचो.

पन तिला तितं श्वास कसा पुरायचा, आन् मी सुटून येस्तवर डोळं गेलंच. येताना बाटलीभर पानी आनलं, तिच्या हातात द्यायला. बाटलीत रंग कुटला, नुसतं तांदळाच्या धुवनावानी.

आता आमच्या नळाला पानी येतं कवातरी, त्येबी गढूळ, मंडळीच्या हाताला तुरटीची सवय. तिनं बाटली पातेल्यात वतली, तुरटी फिरवली, निवळलेलं पानी तांब्यात घेतलं आन् गाळ मोरीत टाकनार तवर मी आलो. लई वरडलो. ती रडाय लागली, मला काय ठावं म्हनली.

आई खाटंवरनं म्हनली, भांडू नगा, आन हिकडं. गाळ चिमटीत चोळला, म्हनली, लई बारीक दळलंय, कुनी रं? जन्मभर जात्यावर बसलेली बाई ती. मी म्हनलं, आई, बर्फ सरकताना खालचा दगूड दळतंय, ह्ये डोंगराचं पीठ, त्येच्यानंच त्यो रंग. बराच वेळ चोळत ऱ्हायली. थकत न्हाय व्हय ते, म्हनली. मी म्हनलं, थकलंय की, वरसागनिक मागं मागं सराय लागलंय. मग त्येचंबी दळान सरत आलं म्हनायचं, म्हनली, दिसलं बघ मला तुझं तळं.

ह्या उन्हाळ्यात गेली. शेवटाला तोंडात पानी घातलं ते त्याच तांब्यातलं, जपून ठेवलेलं, तुरटी फिरवलेलं, मंडळीनंच घातलं. गाळ वाळवून करंड्यात ठेवलाय, कवातरी मीबी चोळून बघतो.

तुमची आई हाय का? हाय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या ह्ये लिवनं, जावा, काय दावायचं ते दावा तिला.