लग्न कावून करायचंय?

तुमचं लव्ह मॅरेज का अरेंज, असं कुणी विचारलं की मला नीट सांगता येत न्हाई. झालं असं, मी पोरगी बघायला घाटनांदूरला गेलतो. पोहे झाल्यावर मोठ्या माणसांनी आमाला दोघांनाच बोलत बसवलं. सुनीतानं पहिलंच विचारलं, "तुमाला लग्न कावून करायचंय?"

मी खरं तेच सांगितलं. "आई थकलीय. चाळीस शेळ्या हायेत, तिला एकटीला होत न्हाई."

"मग गडी ठेवा की," असं म्हणून ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी नकार आला.

आईला सांगितलं, तर ती म्हणली, "बरोबर बोलली पोरगी. मला बी असंच कामासाठी आणलं होतं. फक्त मला विचारायचं सुचलं न्हाई."

मग मी खरंच गडी ठेवला. आईचं काम हलकं झालं. तरी कायबी घडलं की वाटायचं, हे सुनीताला सांगावं. शेवटी एकटाच घाटनांदूरला गेलो. तिचे वडील दारातच म्हणले, "आता काय राहिलं?"

"तिच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय."

सुनीता बाहेर आली. मी म्हणलं, "दिवसभरात जे घडतंय, ते तुमाला सांगावं वाटतंय. म्हणून लग्न करायचंय."

ती उंबऱ्यावर बसत म्हणली, "आज काय घडलं?"

मी सांगत बसलो, ती ऐकत बसली. लग्नाचा विषय शेवटी तिच्या वडिलांनाच काढावा लागला.