दोन तुळया परत

(कासार आंबोली. नव्या बंगल्याच्या फाटकात जुन्या सागवानी तुळयांचा टेम्पो उभा आहे. मालकसाहेबांचा मुकादम प्रमोद तुळयांवर चिकटवलेल्या पट्ट्यांचे कोड मोबाइलनं वाचतोय.)

प्रमोद : वहिनी, दहा तुळयांची माहिती मोबाइलवर आली. या दोन्हींच्या पट्ट्यांवर नुसता लाल राडा आहे. कोड वाचताच येत नाही.

अपेक्षा : आत्याबाई, तुम्ही कुंकू लावलंत?

सारजाबाई : लावलं की. तुजा पयला माल घरनं निघाला, तसाच जाऊ द्यायचा व्हय? मग वाटलं, ही वरडंल. वल्या पदरानं खसाखसा पुसलं, तर ती काळी नक्षीच निघून आली.

अपेक्षा : अहो, घोटावड्याची भाताची गिरणी पाडली तेव्हा मी एकेक तुळई वजन ठेवून तपासलीय. कोणती किती भार पेलते, ते त्या कोडात आहे. या दोन्हींतली एक आढ्याला चालते. दुसरी आतून पोखरलीय, ती व्हरांड्यालाच. वरनं दोन्ही सारख्याच दिसतात.

प्रमोद : मग नव्या पट्ट्या छापा नि चिकटवा अंदाजानं. साहेब काय वर चढून बघणारेत?

अपेक्षा : खाली झोपणार तर आहेत ना? दोन्ही परत नेते. पुन्हा तपासून परवा आणते.

प्रमोद : सुतार उद्या येतायत. माल अपुरा दिसला तर साहेब सगळाच परत धाडतील. पहिलीच ऑर्डर जाईल तुमची.

अपेक्षा : जाऊ दे. दोन पट्ट्या खोट्या लावल्या, तर बाकीच्या दहांवर कोण विश्वास ठेवेल?

सारजाबाई : चूक माजी हाय, तसं सांग की साहेबाला.

अपेक्षा : कुंकू कुठं लावायचं ते मीच दाखवायला हवं होतं. तुम्ही नका मनाला लावून घेऊ.

प्रमोद : थांबा, फोन लावतो. हॅलो सर, दहा आल्यात... दोन परत नेतायत... नाही, अंदाजानं देणार नाही म्हणतात... बरं सर. वहिनी, साहेब म्हणाले, सुतारांना थांबवा. दरवाजेही यांच्याकडूनच घ्या.

सारजाबाई : बया. आन् मी गावात सांगत हुते, सून हिंजवडीला हापिसात जाती. भंगार गोळा करती म्हणायची लाज वाटायची मला.

अपेक्षा : ठाऊक होतं मला. चला, बाकीच्या दहा उतरवून घेऊ.

प्रमोद : आजी, फाटकावर तुमचंही नाव टिपायला लागतं. भरे गावच्या हैबतरावांच्या पत्नी ना तुम्ही? तसंच लिहू?

सारजाबाई : ऱ्हाऊ द्या ते. अपेक्षाची सासू, असं लिवा.